सुट्टी झाल्यानंतरचे दोन आठवडे

हृदय कमकुवत झालेला, म्हणजे हार्ट फेल्युअरचा रुग्ण मोठ्या रुग्णालयातून बरा होऊन घरी येतो आणि महिना उलटायच्या आत त्याच तक्रारींनी, पुष्कळदा त्याच वॉर्डात, पुन्हा भरती होतो. तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून काम करणाऱ्या माझ्यासारख्याला यात नवीन काहीच नाही. माझे गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे. इथले हृदयरुग्ण अँजिओग्राफीसाठी, बायपाससाठी किंवा दम लागून अत्यवस्थ झाले की नागपूर-वर्ध्याकडे जातात, आणि सुट्टी झाल्यावर त्यांनी आठवड्याभरात जवळच्या डॉक्टरला दाखवावे अशी अपेक्षा असते. बहुतेक जण दाखवत नाहीत. ‘आत्ताच तर एवढे मोठे डॉक्टर बघून आलो’ असे त्यांना वाटते, आणि ते चुकीचे आहे हे त्यांना कोणी सांगितलेलेही नसते.

पुन्हा भरती झालेल्या रुग्णाकडे पाहताना घरचे आणि डॉक्टर दोघेही ‘पथ्य पाळले नसेल’ असाच पहिला निष्कर्ष काढतात. उपलब्ध आकडे मात्र त्याला फारसा आधार देत नाहीत. अमेरिकेत ज्येष्ठांसाठी असलेल्या मेडिकेअर या सरकारी विमा योजनेच्या नोंदींवरून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हार्ट फेल्युअरचे सुमारे २७ टक्के रुग्ण सुट्टीनंतर ३० दिवसांच्या आत पुन्हा भरती झालेले आढळले. शस्त्रक्रियेविना उपचार घेऊन घरी गेलेल्या आणि महिन्याभरात परतलेल्या सर्व रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांनी मधल्या काळात एकाही डॉक्टरला दाखवल्याची नोंद नव्हती. पुढे २०१३ मध्ये त्याच योजनेच्या नोंदींवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासातून दोन गोष्टी पुढे आल्या. महिन्याभरात परत आलेल्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांपैकी निम्मे पहिल्या १२ दिवसांतच आले होते, आणि त्यांपैकी जेमतेम एक तृतीयांशच हार्ट फेल्युअरसाठी आले होते. बाकीच्यांना न्यूमोनिया, मूत्रपिंडाचा बिघाड, जंतुसंसर्ग, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता अशा इतर कारणांनी यावे लागले.

येल विद्यापीठाचे हृदयरोगतज्ज्ञ हार्लन क्रमहोल्झ यांनी याच सुमारास जे स्पष्टीकरण मांडले ते मला रोजच्या अनुभवाशी जुळणारे वाटते. त्यांचे म्हणणे असे की, रुग्णालयातले वास्तव्य हाच शरीरावर एक आघात असतो. रात्री-अपरात्री रक्त काढायला उठवल्यामुळे मोडलेली झोप, तपासण्यांसाठी वारंवार ठेवलेला उपवास, खाटेवर पडून राहिल्याने गेलेली पायांतली ताकद आणि एकदम बदललेली औषधे, हे सारे मिळून माणूस ज्या आजारासाठी भरती झाला त्यापेक्षा वेगळ्याच दुबळेपणाने घरी जातो. पुढचे काही आठवडे त्याला काहीही होऊ शकते. एखादी सत्तरीतली बाई दहा दिवसांनी घरी येते आणि मोरीपर्यंत जाताना पडते, तेव्हा कागदावर तिची दुसरी भरती ‘अस्थिभंग’ म्हणून नोंदली जाते. पण तिचे मूळ पहिल्या भरतीतच असते.

भारतातले चित्र आणखी वेगळे आहे. राष्ट्रीय हार्ट फेल्युअर नोंदवहीत देशभरातील ५३ रुग्णालयांमधून १०,८५१ रुग्णांची नोंद झाली. त्यांचे सरासरी वय साठीच्या आसपास होते आणि भरतीनंतर ९० दिवसांच्या आत सुमारे १४ टक्के रुग्ण दगावले. पाश्चात्त्य देशांत हा आजार प्रामुख्याने सत्तरी-ऐंशीतल्या माणसांचा, आपल्याकडे मात्र तो कमावत्या वयाच्या टोकावरच येतो. या आकड्याचा आणखी एक अर्थ सहसा ध्यानात घेतला जात नाही: जो माणूस घरीच मरण पावतो त्याची पुन्हा भरती होत नाही. त्यामुळे एखाद्या भागात पुन्हा भरतीचे प्रमाण कमी दिसले तर तिथले रुग्ण सुखरूप आहेत असे समजण्याची घाई करू नये. ज्या गावातून रात्री दोन वाजता गाडी मिळत नाही, त्या गावाचा आकडा नेहमीच चांगला दिसेल.

हे सर्व घडते कसे, ते थोडक्यात सांगतो. हृदयाचा जोर कमी पडला की मूत्रपिंडाला पुरेसे रक्त पोहोचत नाही, आणि मूत्रपिंडाची समजूत अशी होते की शरीरातले पाणीच कमी झाले आहे. म्हणून ते मीठ आणि पाणी धरून ठेवू लागते. ते पाणी पायांत, पोटात आणि फुप्फुसांत साचते. रुग्णालयात शिरेतून औषध देऊन ते काढले जाते. दम थांबतो, माणसाला मोकळे वाटते आणि सुट्टी मिळते. पण दम थांबला म्हणजे साचलेले सगळे पाणी निघाले असे नव्हे. खाटांची टंचाई, घरच्यांची घाई, वाढत चाललेले बिल अशा कारणांनी पाणी पूर्ण उतरायच्या आत रुग्ण घरी जातो, आणि अशा रुग्णाची दुसरी भरती जवळजवळ ठरलेलीच असते. पाणी पुन्हा साचू लागल्यापासून दम लागेपर्यंत बहुधा काही दिवस जातात, आणि या काळात वजन काट्यावर दिसेल इतके वाढते. म्हणूनच रोज सकाळी लघवी करून आल्यावर, काही खाण्याआधी वजन करावे आणि तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढल्यास डॉक्टरला कळवावे, असे सांगितले जाते. माझ्या एका रुग्णाच्या घरी वजनकाटा नव्हता. तो शेजारच्या किराणा दुकानातल्या पोती तोलायच्या काट्यावर रोज उभा राही आणि दुकानदार त्याचे वजन उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवी. इतकी नीट नोंद मी मोठ्या रुग्णालयांच्या फायलींतही क्वचितच पाहिली आहे.

आता औषधांकडे वळतो, कारण सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला मी घरातली गोळ्यांची पिशवी जशीच्या तशी आणायला सांगतो. ती टेबलावर ओतली की बहुधा तीन प्रकारच्या गोळ्या निघतात: मोठ्या रुग्णालयाने दिलेल्या, त्याआधी गावच्या डॉक्टरने दिलेल्या, आणि ‘शेजारच्या भाऊंना याच गोळीने बरे वाटले’ म्हणून आलेल्या. एका काकूंच्या पिशवीत मेटोप्रोलॉल ही नाडी मंद करणारी गोळी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी होती आणि त्या दोन्ही इमानेइतबारे घेत होत्या. नाडी पंचेचाळीसवर आली होती, चक्कर येत होती. त्याच पिशवीत टॉरसेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोन ही लघवी वाढवणारी दोन औषधे एकत्र असलेली गोळी होती आणि शिवाय पोटॅशियम वाढवणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोनची सुटी गोळीही होती. रक्तातले पोटॅशियम वाढून हृदय बंद पडायला एवढे पुरते. त्यांच्या डिस्चार्ज कार्डावर सगळे बरोबर लिहिलेले होते. फक्त ते इंग्रजीत होते, दिवसातून किती वेळा हे लॅटिनच्या आद्याक्षरांत होते, आणि आधीच्या कोणत्या गोळ्या बंद करायच्या याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. नवीन काय घ्यायचे हे कार्ड सांगते. जुने काय सोडायचे हे क्वचितच सांगते.

औषधे स्वस्त झाल्याने या गोंधळात भर पडली, हेही नमूद करायला हवे. डापाग्लिफ्लोझिन या हार्ट फेल्युअरवरच्या औषधाचे मूळ पेटंट २०२० मध्ये संपले, त्याच आजारावरच्या सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टनच्या स्वस्त आवृत्त्या २०२३ पासून मिळू लागल्या, आणि ज्या औषधांचा मी आधी फक्त पगारदार रुग्णांसाठी विचार करत असे ती शेतमजुराच्या आवाक्यात आली. ही फार मोठी गोष्ट आहे. पण एकाच औषधाची डझनावारी नावे बाजारात आली की दुकानदार जे असेल ते देतो, पट्टीचा रंग बदलतो, आणि रुग्ण एक तर दोन्ही घेतो किंवा ‘ही ती नव्हे’ म्हणून एकही घेत नाही.

दुसरी अडचण अशी की या आजाराच्या मुख्य चार गटांतली औषधे सहसा कमी डोसने सुरू करतात, आणि त्यांतल्या काहींचा डोस पुढच्या आठवड्यांत रक्तदाब, नाडी आणि मूत्रपिंडाची तपासणी पाहून वाढवत न्यायचा असतो. सुट्टीच्या कार्डावरचा डोस हा पुष्कळदा सुरुवातीचा असतो; माझ्याकडे असे रुग्ण येतात, जे चार-चार वर्षे त्याच सुरुवातीच्या डोसवर राहिलेले असतात. वर उल्लेखिलेल्या राष्ट्रीय नोंदवहीतही, हृदयाचे आकुंचन कमी झालेल्या रुग्णांपैकी जेमतेम निम्म्यांनाच मार्गदर्शक तत्त्वांनुसार औषधे लिहून दिलेली होती. म्हणजे उरलेल्यांनी पथ्य काटेकोर पाळले असते, तरीही त्यांच्या हाती अपुरेच शस्त्र होते. आणि बरे वाटू लागल्यावर गोळ्या सोडण्याबद्दल सांगायचे तर, ब्रिटनमध्ये एका छोट्या पण नेटक्या चाचणीत हृदयाचे काम पूर्ववत झालेल्या रुग्णांची औषधे देखरेखीखाली हळूहळू बंद करून पाहिली, तेव्हा त्यांपैकी ४४ टक्के रुग्णांचा आजार सहा महिन्यांत उलटला. औषध चालू असल्यामुळेच हृदय बरे दिसते, हे मी या रुग्णांना प्रत्येक भेटीत सांगतो. स्टेंट बसवलेल्यांची गोष्ट वेगळी असली तरी धोका तसाच. दात काढायचा म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी परस्पर बंद केली जाते आणि स्टेंटमध्ये गुठळी होऊन माणूस अतिदक्षता विभागात पोहोचतो.

खर्चाचा प्रश्न येतो तिथे रुग्णाला बेफिकीर म्हणणे मला जमत नाही. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेल्या आणि आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या योजनेने आमच्या भागातल्या असंख्य कुटुंबांना सावकाराच्या दारातून वाचवले आहे. काही उपचारांनंतरच्या पाठपुराव्याचीही तीत तरतूद आहे. तरीही योजनेचा भर भरती होऊन घेतलेल्या उपचारांवर आहे, आणि घरी आल्यावर आयुष्यभर दरमहा लागणाऱ्या गोळ्या मुख्यतः घरच्या पैशांतून येतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या मिळतात, पण हार्ट फेल्युअरची चारही गटांतली औषधे मिळतीलच असे नाही. परिणाम असा विचित्र होतो की, काही हजारांच्या गोळ्या परवडल्या नाहीत म्हणून बंद पडतात आणि त्यापायी झालेली दुसरी भरती मात्र योजनेतून मोफत होते. जनऔषधी केंद्र जिथे आहे आणि जिथे त्यात माल असतो तिथे मोठा आधार मिळतो. तालुक्याबाहेरच्या वाडीला तो आधार नाही.

मिठाचे पथ्य हे सगळ्यांना माहीत असलेले आणि सगळ्यात कमी समजलेले पथ्य आहे. ‘मीठ तर कधीचंच बंद केलं, डॉक्टरसाहेब,’ असे सांगणारी सून खोटे बोलत नसते. तिने सासऱ्यांच्या वरणातले मीठ खरोखरच कमी केलेले असते, आणि ते वरण अळणी लागते म्हणून सासरे ताटात ठेचा, लोणचे, भाजलेला पापड आणि शेंगदाण्याची चटणी वाढून घेत असतात. उन्हाळ्यात गच्चीवर वाळवलेल्या कुरडया आणि सांडगे, दुपारच्या चहाबरोबरचा चिवडा, टोस्ट, बिस्किटे यांत मीठ आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. उपवासाचे सैंधव चालते असा पक्का समज आहे; तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. आणि शहरातल्या मुलाने कौतुकाने आणून दिलेले ‘कमी सोडियमचे’ मीठ तर या रुग्णांसाठी अधिक धोक्याचे, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते आणि यांच्या गोळ्या आधीच पोटॅशियम वाढवणाऱ्या असतात.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत मीठ आणखी कमी केल्याने भरती किंवा मृत्यू यांत ठळक फरक पडला नाही, असे दिसले, आणि ते वाचून काही सुशिक्षित रुग्णांनी माझ्याशी वादही घातला. पण त्या चाचणीतले रुग्ण सुरुवातीलाच दिवसाला साधारण साडेपाच ग्रॅम मिठाइतके सोडियम घेत होते. जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालाही पाच ग्रॅमच्या आत राहायला सांगते, आणि आपल्याकडची सरासरी आठ ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून वर आहे. ज्यांचे मीठ आधीच बेताचे होते त्यांच्यावर काढलेला निष्कर्ष ठेच्याच्या ताटाला लावता येत नाही.

गोळी न घेण्याची काही कारणे अशी असतात की ती विचारल्याशिवाय कळत नाहीत. लघवीची गोळी घेतल्यावर दोन-तीन तास वारंवार जावे लागते. पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत झाला, स्त्रियांना २०२३ पासून निम्मे तिकीट झाले, त्यामुळे लग्नकार्याला, दवाखान्याला, लेकीकडे जाणे वाढले. आणि गाडीत बसायचे त्या दिवशी बायका ती गोळी टाळतात, कारण स्थानकावरचे स्वच्छतागृह वापरण्याजोगे असेलच याची खात्री नसते. लग्नसराईच्या महिन्यात हे किती वेळा होते, याचा हिशेब त्या डॉक्टरला देत नाहीत, कारण तसे विचारतच कोणी नाही. उपाय साधा आहे: त्या दिवशी गोळी मुक्कामी पोहोचल्यावर दुपारी घ्यावी. दुसरे न विचारले जाणारे कारण म्हणजे गुडघे. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला मीठ-पाणी धरून ठेवायला लावतात आणि त्या कोणत्याही औषधाच्या दुकानात मागितल्या की मिळतात. सांधेदुखीवरच्या बेनामी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडते, तेही याच प्रकारातले. याउलट एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा ‘पाणी मोजून प्या’ हा हिवाळ्यात दिलेला सल्ला आणि लघवीच्या गोळीचा तोच डोस चालू राहिल्याने रुग्ण कोरडा पडतो, रक्तदाब उतरतो आणि मूत्रपिंडावर ताण येऊन भरती व्हावे लागते. म्हणून हा डोस ऋतूप्रमाणे तपासायला हवा.

शरीरात लोह कमी असणे, मधुमेह, दमा, रक्तातला युरिया-क्रिएटिनिन वाढलेला असणे, इन्फ्लुएंझाची लस न घेतलेली असणे हे घटकही आहेतच. त्यांची चर्चा सर्वत्र होते म्हणून इथे थांबत नाही. एकटेपणाबद्दल मात्र लिहायला हवे. मुले पुण्यात किंवा त्याहून दूर आणि घरात फक्त दोन म्हातारी माणसे, त्यातल्या एकाला दिसत नाही आणि दुसऱ्याला ऐकू येत नाही, अशा घरात दिवसाला नऊ गोळ्यांचे वेळापत्रक पाळले जाईल ही अपेक्षाच चूक आहे. हृदयविकारानंतर येणारी उदासी आपल्याकडे ‘आता वय झालं’ या खात्यात जमा होते आणि तिच्यावर उपचार होत नाहीत.

या सगळ्यावर उपाय माहीत नाही असे नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्ट्राँग-एचएफ’ या चाचणीत सुट्टीनंतर पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात रुग्णाला तपासून औषधांचे डोस भराभर पूर्ण प्रमाणात नेण्यात आले. सहा महिन्यांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी पुन्हा भरती यांचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीत सुमारे २३ टक्के होते, ते या पद्धतीत १५ टक्क्यांवर आले. हे वेळापत्रक वाचले तेव्हा मला आमच्याच विदर्भातली एक गोष्ट आठवली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच प्रशिक्षित स्त्रीने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत उभी केली, १९९९ मध्ये तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले, आणि पुढे तीच पद्धत देशभर आशा कार्यकर्तीच्या कामात आली. आज दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते, वजन करते, धोक्याची चिन्हे पाहते. चाचणीतल्या भेटी आणि या भेटी शेजारी मांडून पाहाव्यात. त्याच घरातले, त्याच आठवड्यात सुट्टी झालेले आजोबा मात्र तिच्या यादीत नसतात. आशांवर आधीच कामाचा डोंगर आणि मोबदला तुटपुंजा, त्यामुळे हे काम फुकटात त्यांच्यावर टाकावे असे मी म्हणणार नाही; पण उपकेंद्रात आता समुदाय आरोग्य अधिकारी असतात, वजनकाटा आणि रक्तदाबयंत्र असते, आणि सुट्टी झालेल्या हृदयरुग्णाचे नाव रुग्णालयाकडून उपकेंद्रापर्यंत पोहोचण्याची सोय केली तर फार मोठे काही उभारावे लागणार नाही.

अमेरिकेने याच प्रश्नावर दुसरा मार्ग निवडला. २०१० च्या कायद्यानुसार ऑक्टोबर २०१२ पासून हृदयविकाराचा झटका, हार्ट फेल्युअर आणि न्यूमोनिया यांच्या पुन्हा भरतीचे प्रमाण जास्त असलेल्या रुग्णालयांच्या मेडिकेअर रकमेत कपात सुरू झाली. आधी कमाल एक टक्का, पुढे तीन टक्क्यांपर्यंत. पुन्हा भरती कमी झाली, पण गरिबांना सांभाळणाऱ्या रुग्णालयांना जास्त दंड बसू लागला, आणि २०१८ च्या एका अभ्यासात त्याच काळात हार्ट फेल्युअरच्या रुग्णांचे सुट्टीनंतरचे मृत्यू वाढलेले दिसले. त्याचे कारण ही योजनाच आहे की नाही, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. मला त्यातून एवढेच घ्यावेसे वाटते की, पुन्हा भरती हा गुन्हा ठरवला की दारात आलेल्या रुग्णाला परत पाठवण्याचा मोह वाढतो. आपल्याकडे तर हा मोह घरातूनच सुरू होतो: ‘आत्ताच लाखभर खर्च झालाय, दोन दिवस बघू या’ असे म्हणत लोक थांबतात.

म्हणून ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांच्यासाठी स्पष्टच लिहितो. पायावरची सूज चढत असेल, चप्पल घट्ट होत असेल, रोज एका उशीवर झोपणाऱ्याला दोन लागत असतील किंवा आडवे होताच कोरडा खोकला येत असेल, तर त्याच दिवशी गोळ्यांची पिशवी आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन जवळच्या डॉक्टरकडे जावे. या टप्प्यावर बहुतेकदा लघवीच्या गोळीचा डोस बदलून भागते. रात्री दम लागून उठून बसावे लागत असेल, छातीत दुखत असेल, ओठ निळे पडत असतील, शुद्ध हरपत असेल, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा आणि रुग्णाला बसलेल्या स्थितीतच, पाय खाली सोडून ठेवावे. शुद्ध हरपली तर मात्र कुशीवर वळवावे.